सातवा भाडेकरू आणि बैठकीची खोली

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबाला कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, नोटीस लागली. इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या हाइड पार्क भागातली आमची गल्ली म्हणजे लाल विटांच्या टेरेस घरांची एक लांबलचक रांग. इथे टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरं. आपल्याकडे ज्याला रो-हाऊस म्हणतात त्याचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे पूर्वज. आमच्यापासून चार दारं सोडून असलेल्या अशाच एका घरात सध्या सहा विद्यार्थी राहतात. मालकाला तिथे आठ जण ठेवायचे आहेत. माळ्यावर मागच्या बाजूने डॉर्मर, म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर आलेली उभी खिडकी, काढून दोनाच्या तीन खोल्या करायच्या आणि तळमजल्यावरची, रस्त्याकडे खिडकी असलेली बैठकीची खोली ही आठवी झोपायची खोली करायची, असा अर्ज आहे. हरकती द्यायला एकवीस दिवस. त्यावरून चर्चच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा झाली आणि ती ऐकून मी अस्वस्थ होऊन घरी आलो.

एका बाजूला वीस-तीस वर्षं इथे राहिलेले शेजारी होते. पार्किंग, कचऱ्याचे डबे, रात्रीचा गोंगाट, 'गल्लीचं रूप बिघडलं' ही त्यांची कारणं. दुसऱ्या बाजूला मालकाच्या वतीने आलेले गृहस्थ होते. शहरात खोल्यांचा तुटवडा आहे आणि तुम्ही तरुणांच्या विरोधात आहात, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. दोन तासांत त्या घराच्या आतल्या नकाशाकडे कुणी पाहिलंही नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ही परवानगी नाकारली पाहिजे. पण सभेत जी कारणं दिली गेली त्यांसाठी नाही. ज्या आठ जणांना तिथे राहावं लागणार आहे, त्यांच्यासाठी ती नाकारली पाहिजे.

आधी कायदा थोडक्यात सांगायला हवा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. एकमेकांशी नातं नसलेली तीन किंवा जास्त माणसं स्वयंपाकघर, न्हाणीघर वाटून जिथे राहतात, त्या घराला इंग्लंडमध्ये एचएमओ (हाऊस इन मल्टिपल ऑक्युपेशन) म्हणतात. २०१० च्या एप्रिलमध्ये तीन ते सहा माणसांच्या अशा घरांसाठी सी-४ हा वेगळा वापरवर्ग आला. इमारत कशासाठी वापरायची याची सरकारी वर्गवारी म्हणजे वापरवर्ग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने साध्या कौटुंबिक घराचं सी-४ करायला परवानगीची गरज नाही असं ठरवलं. मात्र आर्टिकल ४ नावाच्या तरतुदीने स्थानिक कौन्सिलला ती मोकळीक काढून घेता येते. मँचेस्टरने ती २०११ मध्ये काढून घेतली, लीड्सने २०१२ च्या फेब्रुवारीत आमच्यासारख्या भागांत. म्हणजे तेव्हापासून इथे कुटुंबाचं घर विकत घेऊन त्यात विद्यार्थी भरणं सोपं राहिलेलं नाही. आणि सहाच्या वर सातवा माणूस आला की घर कुठल्याच ठरीव वर्गात बसत नाही, त्याला स्वतंत्र परवानगी लागते.

आता या नियमाचा परिणाम पाहा. नवी घरं मिळणं अवघड झालं, मागणी मात्र वाढतच राहिली. मग जी घरं आधीपासून भाड्याची होती, त्यांच्या आत वाढ सुरू झाली. माळा वाढला, तळघरात खिडकी पाडून खोली झाली, मोठ्या खोलीच्या मधोमध प्लास्टरबोर्डची भिंत आली. आणि हे सगळं करून झाल्यावर उरते ती बैठकीची खोली. गल्लीत भाड्याची घरं किती असावीत हे आपण मोजलं. घराच्या आत काय उरावं हे कुणी मोजलंच नाही. आमच्या खांबावरची नोटीस हे त्या न मोजण्याचं फळ आहे.

शेजाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या हेडिंग्लीचं नाव मराठी माणसाला क्रिकेटमुळे ठाऊक असतं. १९८६ साली वेंगसरकरांनी तिथे नाबाद १०२ केले आणि आपण कसोटी जिंकलो. त्याच हेडिंग्लीत बेनेट रोडवरची प्राथमिक शाळा २००६ मध्ये बंद झाली. लहान मुलंच उरली नाहीत तर शाळा कशी टिकणार? इमारतीत आता समाजकेंद्र चालतं, चांगलं चालतं, पण जिथे पाढे म्हटले जायचे तिथे आता योगाचे वर्ग भरतात हे पाहून जुन्या माणसाला वाईट वाटणारच. ज्या घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी आहेत त्याला कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, माफ असतो, कचरा मात्र आठ जणांचा होतो. जूनअखेर मुलं घरं सोडतात त्या आठवड्यात फुटपाथवर गाद्या, खुर्च्या, फुटक्या इस्त्र्या यांचा ढीग लागतो आणि मग दोन महिने निम्मी गल्ली अंधारात असते. शेजारच्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, मला म्हणाल्या की हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ साचला तर दार वाजवावं असं ओळखीचं दार आता गल्लीत एकच उरलंय. हे दुःख खरं आहे. अशा बदलाचा अभ्यास करणाऱ्या इथल्या भूगोलतज्ज्ञांनी त्याला 'स्टुडंटिफिकेशन' असं नावच देऊन ठेवलंय.

पण मग उपाय काय सुचवला जातो? 'अशा लोकांना' इथे येऊ देऊ नका. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण 'गल्लीचं रूप' हे शब्द या देशात आधीही वापरले गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून, पंजाबातून, सिल्हेटमधून कामगार आले, तेव्हा त्यांना राहायला मिळाली ती अशीच टेरेस घरं, एकेका खोलीत तिघे-चौघे. पुष्कळ खिडक्यांवर काळ्या-सावळ्यांना जागा नाही अशा पाट्या होत्या, आणि १९६५ चा वंशभेदविरोधी कायदा झाला तेव्हाही घरभाड्याचा विषय त्याच्या बाहेरच राहिला. तो १९६८ च्या कायद्यात आला. त्याच १९६५ साली बर्मिंगहॅम शहराने स्वतःसाठी एक कायदा करून घेतला, ज्यामुळे बहुभाडेकरू घरांची नोंदणी नाकारता येऊ लागली. कागदावर उद्देश वस्ती जपण्याचा होता. प्रत्यक्षात ज्यांना दुसरीकडे कुणी खोली देत नव्हतं, त्यांचा वावर चार जुन्या वस्त्यांपुरताच राहिला आणि तिथली गर्दी आणखी वाढली. घर नसलेल्या माणसाला दार बंद केल्याने त्याची घराची गरज बंद होत नाही, ती पुढच्या गल्लीत जास्त दाटीने उभी राहते.

आणि मराठी माणसाने तरी हे विसरू नये. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचं एक टेरेस घर आहे. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकणारा एक विद्यार्थी तिथे भाड्याने राहिला आणि त्याच्या नावाची निळी पाटी आज त्या भिंतीवर आहे. परळच्या बीआयटी चाळीतून गेलेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात कुणीतरी खोली दिली म्हणून पुढचं सगळं घडलं. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन स्मारक केलं, तेव्हा तिथेही वाद झाला तो नेमका वापरबदलाचाच. राहतं घर संग्रहालय झालं, त्यासाठी आधी परवानगी घेतली नव्हती, आणि कॅम्डेन कौन्सिलने राहत्या जागेचं नुकसान होतं म्हणून ती नाकारली. २०१९ मध्ये चौकशी बसली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या आणि २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने परवानगी दिली. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा कौन्सिलचा राग आला होता, मलाही आला होता. पण आज मागे वळून पाहताना त्यातली एक गोष्ट मला पटते. प्रश्न असा विचारला गेला की या घरातून काय जातं, काय मिळतं, आणि तराजूत जड काय. तोच तराजू आमच्या गल्लीत का लावू नये?

लावून पाहू. मालकाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो. सप्टेंबरात विमानतळावरून दोन बॅगा घेऊन उतरणाऱ्या मुलाला खोली हवी असते. या शहरात पुढच्या वर्षाची चांगली घरं आधीच्या नोव्हेंबरापासून ठरायला लागतात. एक वर्षाच्या मास्टर्सला येणारी आपली मुलं तेव्हा नागपूर, सांगलीत अर्ज भरत असतात. त्यांना इथे जामीन राहणारं कुणी नसतं, म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्याकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं गेलं. नव्या काचेच्या टॉवरमधली स्टुडिओ खोली त्यांना परवडत नाही. अशा वेळी दोन खोल्या वाढल्या तर दोन मुलांची सोय झाली, यात वाईट काय? मीही कधीकाळी दोन बॅगा घेऊनच उतरलो होतो, त्यामुळे हा प्रश्न मला झटकून टाकता येत नाही.

पण हिशोब मांडा. समजा एका खोलीचं भाडं आठवड्याला १२० पौंड. बैठकीची खोली झोपायची केली की मालकाला वर्षाला ६,२४० पौंड जास्त मिळतात, आणि माळ्यावरची वाढीव खोली धरली तर १२,४८०. उरलेल्या सहा जणांचं भाडं कमी होतं का? त्यांनी बसायची खोली गमावली, फ्रिजमधला कप्पा अर्धा झाला, सकाळी न्हाणीघरासमोर रांग वाढली, तरी भाडं तेच. कमी होण्याचं कारणच नाही, कारण इथे भाडं घरावर नव्हे, डोक्यावर ठरतं. शिवाय घराची किंमतही मग खोल्यांच्या संख्येवर ठरू लागते. आठ भाड्यांचं घर आठ भाड्यांच्या भावाने विकलं जातं, आणि ते परत विकत घेऊन त्यात राहायला येईल असं कुटुंब सापडत नाही. शेजाऱ्यांना कुटुंबं परत यायला हवीत. तर मग त्यांनी माणसांवर नव्हे, या एका खोलीवर बोट ठेवायला हवं. बैठकीची खोली शाबूत असलेलं सहा जणांचं घर उद्या पुन्हा कुटुंबाचं होऊ शकतं. कापून-जोडून आठ जणांचं केलेलं घर परत फिरत नाही.

दुसरा मुद्दा सभेत त्या गृहस्थांनी हसत हसत सांगितला: आजकालच्या मुलांना बैठकीची खोली नकोच असते, ती आपल्या खोलीत फोन घेऊन बसतात. हे वाक्य मला फार लागलं.

वीस वर्षांपूर्वी मी अशाच एका घरात राहत होतो. पाच जण, पुढच्या खोलीत एक खचलेला सोफा, कुणीतरी सोडून गेलेला टीव्ही. फेब्रुवारीतल्या एका रात्री आमच्यातल्या एकाला सोलापूरहून फोन आला. वडील गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विमान नव्हतं. आम्ही सगळे त्या पुढच्या खोलीत पहाटेपर्यंत बसलो. कुणी फारसं बोललं नाही. एकाने मुगाची खिचडी टाकली, ती कुणी खाल्ली नाही, तरी टाकली. ती खोली नसती तर तो मुलगा दहा बाय सातच्या खोलीत दार लावून एकटा पलंगावर बसला असता आणि आम्ही एकेकटे जाऊन दार वाजवावं की नाही याचा विचार करत राहिलो असतो. ज्यांनी अशी खोली पाहिलीच नाही, त्यांना ती नको आहे असं कुणी कसं म्हणावं?

कायद्यात किमान आकडा आहे, पण तो झोपण्याचा. पाच किंवा अधिक माणसांच्या एचएमओला परवाना लागतो आणि २०१८ पासून एका प्रौढासाठी झोपायची खोली किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट हवी. बसायची खोली असावी, तिचा आकार अमुक असावा, असा देशभर लागू होणारा आकडा नाही. त्यामुळे प्रत्येक खोली ७० चौरस फुटांच्या वर आणि बाकी घर म्हणजे नुसता जिना आणि दारं, असं घर नियमात चोख बसू शकतं. त्या दारांबद्दलही सांगतो. एचएमओत आग लागली तर पसरू नये म्हणून जड दारं लागतात, ती आपोआप मिटतात. रात्री अकरा-बारा वाजता शेजाऱ्याला जो धाड-धाड आवाज येतो, तो बहुतेक वेळा पार्टीचा नसतो. ती आठ माणसांची आठ दारं असतात आणि मधली भिंत नऊ इंचांची. आमच्या आजी ज्याला 'मुलांचा दंगा' म्हणतात, ते घर प्रमाणाबाहेर भरल्याचं लक्षण आहे.

मुंबईच्या चाळींशी तुलना माझ्या मनात सारखी येते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, गिरणगावात तर एकेका दहा बाय दहाच्या खोलीत कोकणातल्या एकेका गावचे दहा-पंधरा जण पाळ्यांनी झोपायचे, गोव्याच्या माणसांसाठी धोबीतलावाला गावोगावचे कूड, म्हणजे एकेका गावाच्या सामायिक राहण्याच्या खोल्या, होते. चाळीचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. संडासाच्या रांगा, पाण्यासाठीची भांडणं, बायकांचे हाल हे सगळं खरं आहे. पण त्या दाटीतही एक गोष्ट बांधणाऱ्याने ठेवली होती: गॅलरी. गहू तिथे निवडले गेले, अभ्यास तिथे झाले, भांडणं तिथे मिटली, मयताची माणसं तिथे बसली. खोली लहान असली तरी माणूस बाहेर पाऊल टाकायचा तो माणसांत. चाळीतून गॅलरी काढून तिथे भाड्याच्या खोल्या काढायचं कुणी सुचवलं असतं तर चाळकऱ्यांनी काय केलं असतं? टेरेस घराची बैठकीची खोली ही या घराची गॅलरी आहे.

मग खोल्या कुठून आणायच्या? हा प्रश्न आमच्या गल्लीने सोडवायचा नाही, आणि एका घरमालकाच्या माळ्यावर तो सुटणारही नाही. १९९२ मध्ये इथल्या पॉलिटेक्निक कॉलेजांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या प्रवेशसंख्येवरची मर्यादा उठली. शिकणारे वाढले याचा मला आनंदच आहे. पण प्रवेश देणाऱ्याने राहण्याची सोय करावी असं बंधन कुणीच घातलं नाही. १९८८ च्या कायद्याने नव्या भाडेकरारांवरचं भाडेनियंत्रण गेलं होतं, १९९६ पासून भाड्याने देण्यासाठी घर घ्यायला वेगळं कर्ज मिळू लागलं, आणि विद्यापीठांची जबाबदारी अलगद या विटांच्या घरांवर येऊन पडली. परदेशी विद्यार्थ्याकडून फी भरपूर घ्यायची आणि पलंग त्याचा त्याने शोधायचा.

आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, याहून कितीतरी गरीब मुलखात, याहून चांगला विचार झाला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं काढायला लावली, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की फी माफ केली तरी खेड्यातलं पोर शहरात राहणार कुठे? पुण्यात वार लावून जेवणारी मुलं होती, पण ती सोय ज्यांच्या जातीला दार उघडं होतं त्यांच्यापुरती. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली, आणि बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. शिक्षण देणं आणि राहायला-जेवायला देणं ही दोन वेगळी कामं आहेत असं त्यांना वाटलंच नाही. एवढ्या श्रीमंत देशातल्या एवढ्या मोठ्या विद्यापीठांना ते का वाटावं?

म्हणून माझ्या हरकतीत मी पार्किंगबद्दल एक शब्दही लिहिला नाही. मी लिहिलं की सहा जणांना माझा विरोध नाही, ते माझ्या भिंतीला लागून राहिले तरी नाही. माळ्यावर डॉर्मर काढून आहे त्या खोल्या मोठ्या करायच्या असतील तर करू द्या. पण बैठकीची खोली बैठकीचीच राहिली पाहिजे, आणि प्रत्येक सामायिक घराच्या परवान्यात तशी अट हवी. आजींना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी त्यांच्या पत्रातली गोंगाटाची ओळ तशीच ठेवली, 'अशा लोकांना' ही ओळ मात्र खोडली.

एक प्रश्न मात्र उरला, आणि तो मला एका मुलीने विचारला. लातूरकडची, दोन गल्ल्या पलीकडे अशाच कापलेल्या घरात राहते, गणपतीत ओळख झाली. ती म्हणाली, "काका, तुमची हरकत मान्य झाली तर पुढच्या वर्षी येणाऱ्या दोघांनी जायचं कुठे?" मी तिला खरं तेच सांगितलं: त्या दोघांची सोय मी करू शकत नाही, पण त्यांच्यासाठी बाकी सहांची खोली काढून घेणं ही सोय नव्हे, आणि हे विद्यापीठाला विचारायला मी तिच्याबरोबर येईन. मग मी तिला विचारलं की तुम्ही सगळे जेवता कुठे. स्वयंपाकघरात दोनच स्टुलं मावतात, ती म्हणाली, म्हणून ताटं घेऊन जिन्यावर बसतो. कुणाला वर जायचं असलं की सगळे भिंतीला टेकतात.

अशा अर्जावर कुणीही मत देऊ शकतं, घर स्वतःचं असावं लागत नाही, नागरिकत्व लागत नाही, हे तिला माहीत नव्हतं. रविवारी ती आमच्याकडे आली आणि जेवणाच्या टेबलावर बसून तिने स्वतःच लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य तिने लिहिलं ते असं: आमच्या घरात सात जण आहेत आणि एकत्र बसायला जिन्याच्या तेरा पायऱ्या आहेत.